अरगट

बाजरीच्या कणसांतून मधासारखा चिकट द्रव ठिबकूं लागला कीं शेतकरी चिंतातुर होतो. ही क्लॅव्हिसेप्स नांवाच्या बुरशीची करणी होय. फुलोऱ्याच्या वेळीं तिचे बीजाणु फुलांत शिरतात आणि दाण्याच्या जागीं काळसर, कठीण गांठ धरते. तीच अरगट.

ह्या बुरशीच्या अनेक जाती निरनिराळ्या तृणांवर वाढतात. त्यांपैकीं राय धान्यावरील जात मध्ययुगीन युरोपांत कुप्रसिद्ध होती. तें दूषित धान्य खाणाऱ्यांच्या हातापायांची आग होई, बोटें काळीं पडून झडत. लोक ह्या व्याधीस 'संत अँथनीचा अग्नि' म्हणत. त्या संताच्या नांवाचे मठवासी अशा रोग्यांची शुश्रूषा करीत. मठांत निर्मळ धान्याची भाकर मिळे, हेंही गुण येण्याचें एक कारण असावें!

अरगटांतील अल्कलॉइडें रक्तवाहिन्या आकुंचित करतात. परंतु योग्य मात्रेंत तींच औषध ठरलीं. आर्थर स्टोल यांनीं १९१८ सालीं वेगळें केलेलें अर्गोटामीन अर्धशिशीवर उपयोगी पडलें. १९३५ सालीं हातीं आलेल्या अर्गोमेट्रिननें प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबून असंख्य माता वांचल्या.

आफ्रिकेंत व भारतांत बाजरीवर येणारी जात निराळी. तिच्या विषानें बोटें झडत नाहींत. मळमळ, ओकारी, घेरी व गुंगी येते. म्हणून संशय आल्यास दळणापूर्वीं बाजरी दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ विरघळवून त्यांत टाकावी. गांठी हलक्या असल्यामुळें तरंगतात. तळचे दाणे स्वच्छ पाण्यानें दोनतीनदां धुऊन वाळवावे. काढलेल्या गांठी गुरांपुढें टाकूं नयेत, जाळून टाकाव्या.