मुलाखतीचा पोशाख : नीटनेटका आणि आपला

मुलाखतीचे पत्र आले की आपल्या अनेक घरांत पहिला प्रश्न निघतो तो स्कार्फचा. अम्मी काळजीत, अब्बा गप्प आणि मुलगी आरशासमोर. आम्हाला वाटते, स्कार्फ काढावा का हा प्रश्नच नको. तो नीटनेटका कसा राहील हे पाहावे.

स्कार्फ एकरंगी घ्यावा, आत टोपी घालून पिनांनी पक्का करावा. बोलताना हात सारखा डोक्याकडे जाता कामा नये. सैल, लांब कुर्ता इस्त्रीचा हवा. मुलांनी दाढी विंचरून नीट करावी, बुटांना पॉलिश करावे. उग्र अत्तर टाळावे. आदल्या रात्री सगळे कपडे घालून, खुर्चीत बसून पाहावे.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिजाबमुळे दुकानातील नोकरी नाकारली गेलेल्या तरुणीच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई करते. खाजगी कंपनीत मात्र पोशाखाचे नियम आधीच विचारून घ्यावेत.

तरीही नकार आलाच, तर त्या संध्याकाळी घरी कोणी मुलीला बोल लावू नये. पुढच्या अर्जाला आपणच तिच्यासोबत बसावे.