हात कधी काढायचा

कल्याणच्या पुढे मध्य रेल्वेचा मार्ग दुभंगतो. एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाट चढून इगतपुरीला जातो, दुसरा अंबरनाथ, बदलापूर, कर्जत घेत बोरघाटाने लोणावळ्याला. महाराष्ट्रातल्या योगाभ्यासाचा शंभर वर्षांचा नकाशा काढायचा म्हटले, तर तो बराचसा या दोन फाट्यांवरच आटोपतो. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांना प्रयोगशाळेत नेले. इगतपुरीत १९७६ पासून सत्यनारायण गोएंकांच्या धम्मगिरीने माणसांना दहा-दहा दिवस गप्प बसवले. लोणावळ्याच्याच रुळाने आणखी पुढे गेले की पुणे, म्हणजे योगाचार्य अय्यंगार. या फाट्यावर अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधे चिखलोली आहे. कालपर्यंत अंबरनाथला पाणी देणाऱ्या धरणामुळे या गावाचे नाव ऐकू यायचे. आता तिथे रेल्वे स्थानक होऊ घातले आहे, भोवती मजल्यांवर मजले चढताहेत आणि त्या मजल्यांवरच्या दिवाणखान्यांत भिंतीला टेकवलेल्या मोबाइलकडे उलट्या डोळ्यांनी पाहत कुणी ना कुणी हातांवर उभे राहू पाहते आहे. घाटावरची विद्या आपण होऊन घाटाखाली उतरली. हे चांगले की वाईट, यावर दर जूनमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, गुरूच्या पायाशी बसल्यावाचून काही येत नाही. दुसरा म्हणतो, आता गुरूची गरजच उरली नाही. दोघेही चुकीच्या जागी भांडताहेत, असे माझे मत आहे. शिकवणारा समोर असो वा पडद्यावर, तो किती काळ सांगत राहतो आणि आपला हात कधी काढून घेतो, यावर त्याच्या शिकवण्याची किंमत ठरते. गेल्या शतकाचा हिशेब याच मापाने मांडायचा आहे.

सुरुवातीची पाने भराभर उलटू. श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत आणि शाळांत पोहोचवले. या दोन्हींवर पुष्कळ लिहून झाले आहे. कुवलयानंदांपाशी मात्र थांबायला हवे, कारण त्यांच्या घडणीतली एक गोष्ट चरित्रलेखक ओझरती सांगून पुढे जातात. जगन्नाथ गणेश गुणे (पुढचे कुवलयानंद) हा तरुण माळसरच्या माधवदास महाराजांकडे योग शिकण्याआधी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या तालमीत अंग कसून आला होता. त्यामुळे शरीर टप्प्याटप्प्यानेच तयार होते, हे त्यांना कोणी पटवून द्यावे लागले नाही. नौली ही पोटाची क्रिया करताना पोटाच्या आत दाब कसा उतरतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासले, ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढून छापले आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचे नाव दिले. मोजण्याच्या या सवयीचा सर्वांत मोठा फायदा कोणता झाला? कोणते आसन कोणी करू नये, हे सांगण्याची रीत पडली. रक्तदाब, काचबिंदू, अंतर्गळ किंवा गर्भारपण असताना उलटी आसने आणि मयूरासन वर्ज्य, हे आज कुठल्याही बऱ्या वर्गात आधी सांगतात. ‘करा’ म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. ‘तुम्ही थांबा’ म्हणणारा शिक्षक या परंपरेने दिला.

हातांवरच्या आसनांची बाजू घेतली की एक जुना आक्षेप हटकून येतो. हे सगळे सर्कशीतले प्रकार, खरा योग म्हणजे स्थिर बसणे, असे म्हणणाऱ्या मंडळींना शास्त्राचा मोठा अभिमान असतो. शास्त्र उघडून पाहावे. पतंजलींनी आसनाला अवघी तीन सूत्रे दिली आणि त्यांत एकाही आसनाचे नाव घेतले नाही. तेव्हा त्यांना कोणत्याही बाजूचा साक्षीदार करता येत नाही. हठप्रदीपिकेत मात्र पंधरा आसने नावानिशी आहेत. बहुतेक बसायची, पण त्यांत मयूरासन आहे आणि कुक्कुटासनही आहे. मयूरासनात कोपरे पोटाला लावून सगळा देह दोन तळव्यांवर आडवा धरायचा. कुक्कुटासनात पद्मासनातून हात खाली घालून देह उचलायचा. पंधरांत दोन आसने हातांवरची असताना या प्रकाराला उपरा म्हणणे म्हणजे घरच्याच माणसाला पाहुणा म्हणण्यासारखे आहे. घेरंडसंहितेच्या बत्तीस आसनांतही ही दोन्ही आहेत. टाळ्यांसाठी केलेली कसरत आणि तोलासाठी केलेले आसन यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. पण तो फरक करणाऱ्याच्या हेतूत आणि शिकण्याच्या क्रमात सापडतो. पाय वर आहेत की खाली, हे पाहून तो कळत नाही.

क्रम म्हटला की अय्यंगार. १९३७ साली अठरा वर्षांचा एक कृश मुलगा म्हैसूरहून पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आला, त्याला मराठी येत नव्हते, आणि पुढे तो कायमचा पुणेकर झाला. व्हायोलिनवादक शिष्य येहुदी मेन्युहिन, आसनांवरचे १९६६ चे ते जगप्रसिद्ध पुस्तक, १९७५ साली उभी राहिलेली रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था, हे वाचकांना पाठ आहे. त्या पुस्तकातल्या दोन गोष्टींकडे मात्र फोटो पाहण्याच्या नादात लोकांचे दुर्लक्ष झाले. प्रत्येक आसनाच्या नावापाशी अवघडपणाचा आकडा आहे, एकपासून साठपर्यंत. आणि शेवटी सरावाचा आराखडा आहे, तो तीनशे आठवड्यांचा. तीनशे आठवडे म्हणजे पावणेसहा वर्षे! आज एकवीस दिवसांत हातांवर उभे करून दाखवण्याच्या जाहिराती येतात, त्यांच्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. अय्यंगारांची दुसरी देणगी साधनांची. कोपरे आणि तळवे टेकून उलटे उभे राहायच्या पिंच मयूरासनात कोपरे बाहेर पळतात, म्हणून दंडांना पट्टा. तळवे आत सरकतात, म्हणून त्यांच्यामध्ये लाकडी वीट. पाय मागे कोसळतात, म्हणून समोर भिंत. या साधनांची कुचेष्टाही झाली. कुबड्या घेऊन कसला योग, असे विचारले गेले. विचारणाऱ्यांना साधनाचे मर्म कळले नाही. वीट न बोलता सांगते आणि फक्त चुकल्यावर सांगते. हात जागेवर असले तर ती गप्प असते. काही महिन्यांनी पट्टा सोडायचा, मग वीट, मग भिंतीवरून एक पाय, मग दुसरा. शिक्षकाचा हात काढून घेण्याचे इतके पद्धतशीर वेळापत्रक या देशात दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेले मला माहीत नाही. ज्याने अय्यंगारांना कधी पाहिले नाही अशा माणसालाही त्या पुस्तकाने शिकवले. ‘समोर गुरू हवाच’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे व्हावे.

आता जरा शरीराकडे पाहू, कारण माझा मुद्दा तिथेच सिद्ध होतो. पायांवर उभे असताना घोटा जे काम करतो, ते हातांवर मनगटाला करावे लागते. भार बोटांच्या बाजूला कलला की बोटांची टोके जमिनीत रुतवायची. उलट बाजूला कलला की तळव्याच्या मुळाकडे दाब घ्यायचा. खांदे कानांकडे वर ढकललेले, कोपरे सरळ. ही दुरुस्ती क्षणाच्या एका तुकड्यात होते आणि पुनःपुन्हा होत राहते. ‘बोटे दाबा’ हे शब्द कानातून मेंदूत आणि मेंदूतून बोटांत पोहोचेपर्यंत पाय जमिनीवर आलेले असतात. तोल सांभाळण्याच्या नेमक्या वेळी सूचना निरुपयोगी असते; बहुतेक वेळा तिची अडचणच होते. आधी तयारी सांगावी, नंतर चूक सांगावी, मधल्या वेळात गप्प राहावे. वर्गातला बोलका शिक्षक आणि मोबाइलमधला अखंड आवाज हे दोघेही या एकाच कसोटीवर नापास होतात.

या गप्प राहण्याचे सर्वांत चांगले विद्यालय आपल्याकडे दोनशे वर्षे उभे आहे, आणि योगाच्या आढाव्यात त्याचे नाव घ्यायला लोक अजून कचरतात. मी मल्लखांबाविषयी बोलतो आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला रूप दिले. ते माकडांकडून शिकले ही आख्यायिका सोडून दिली तरी ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथापर्यंत मल्लस्तंभाचा माग लागतो. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांच्या दहा खंडी ‘व्यायामज्ञानकोशा’त दंड, कुस्ती, मल्लखांब आणि आसने एकाच घरात नांदतात, पुढच्या पिढीने भिंती घालून त्यांना वेगळे केले. खांबाचे तीन भाग, अंग, मान आणि बोंड. मुलगा आधी अंगाला अढी मारायला शिकतो, पकड आणि तेढी शिकतो, मग मानेपर्यंत जातो, आणि बोंडावर मयूरासन किंवा हातांवरचा तोल यायला वर्षे लागतात. हा क्रम कोणी घाईने ओलांडू म्हणेल तर एरंडेल चोपडलेला खांबच त्याला खाली उतरवतो. शिवाय इथे चढण्याबरोबर उतरणेही शिकवले जाते. उतरती आणि उडी हे अभ्यासाचेच भाग आहेत. हातांवर उभे राहताना माणूस ज्या भीतीने आखडतो, ती वर जाण्याची नसतेच, मागे पडण्याची असते. ज्याला कूस वळवून पायांवर उतरता येते तो आखडत नाही. योगवर्गांनी उतरणे आधी शिकवले असते तर निम्मी मनगटे आणि निम्म्या माना वाचल्या असत्या.

मल्लखांब ही पोरांची गंमत, प्रौढांना तिचा काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांनी दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराकडे पाहावे. १९२५ साली सुरू झालेल्या या संस्थेत उदय देशपांडे यांनी देशी-परदेशी प्रौढांना खांबावर चढवलेच, पण दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. यात माझ्या दृष्टीने सगळा सिद्धांत आला. ज्या मुलाला पाहून नक्कल करता येत नाही, त्याला शब्दाने आणि स्पर्शाने सांगावे लागते. आणि एकदा पकड बसली की त्याला दोन्ही लागत नाहीत, कारण खांब स्वतःच त्याला कळवत राहतो. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, २०२४ मध्ये देशपांड्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कौतुकाच्या बातम्या आल्या. त्या बातम्यांत योगाशी असलेल्या या सोयरिकीचा विचार मात्र क्वचितच होता.

ध्यानाचे शास्त्र वेगळे, असे वाटेल. पण मापाची पट्टी तीच आहे. इगतपुरीच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा, चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते आणि मग दिवसातून तीनदा तासभर न हलता अधिष्ठानाला बसायचे. सूचना ध्वनिमुद्रित. गोएंका २०१३ साली गेले, तरी शिबिरे त्यांच्याच आवाजात चालतात. तेव्हा यंत्रातून येणारा आवाज ध्यान शिकवू शकत नाही, हा आक्षेप टिकत नाही. मात्र तो आवाज थोडे सांगून थांबतो आणि पुढचा बराच वेळ शिकणाऱ्याच्या स्वाधीन करतो; शिवाय सभागृहात एक जिवंत आचार्य बसलेला असतो, ज्याला अडल्यावर विचारता येते. आवाज, मौन आणि कोपऱ्यात एक माणूस, अशी ही त्रिसूत्री आहे. आजच्या बाजारातल्या ध्यानात यांतले पहिलेच तेवढे उरले. समुद्राच्या लाटांच्या पार्श्वसंगीतावर दहा मिनिटे कोणीतरी सतत मधाळ बोलत असते; आवाज थांबला की ऐकणारा दचकून पाहतो, नेटवर्क गेले की काय. योगनिद्रेत आवाजाच्या मागे मागे जायचे असते आणि विश्रांतीपुरते ते योग्यच आहे. पण वर्षभर रोज ऐकूनही ज्याला आवाजाशिवाय पाच मिनिटे बसता येत नाही, त्याला ध्यान आले नाही, ऐकायची सवय लागली.

कोणी म्हणेल, लोक निदान काहीतरी करताहेत, हेही नसे थोडके. मान्य आहे. पहाटेची लोकल उभ्याने पकडणाऱ्या बदलापूरकराला रोज लोणावळा परवडणार नाही. म्हणूनच ठाणे जिल्ह्यात हठयोगी निकम गुरुजींच्या श्री अंबिका योग कुटीरने विनामूल्य वर्गांतून जे काम केले, ते मी मोठे मानतो. शिकलेला साधकच पुढे शिकवायला उभा राहतो, म्हणजे हात काढून घेतल्याचा पुरावाच समोर येतो. ऱ्हास झाला तो शिकणाऱ्यांच्या संख्येत नाही, शिकवणाऱ्यांच्या हिशेबात झाला. ग्राहक कायम राहावा असे वाटणारा शिक्षक हात काढेल कशाला? २०१५ पासून एकवीस जूनला, योगदिनी, सामुदायिक सूचनांवर लाखो हात वर होतात आणि खाली येतात. बावीस जूनला काय, हे कोणी विचारत नाही. २०२० च्या अखेरीस योगासनांना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता मिळाली. त्याचे मी स्वागत केले असते, पण गुणांसाठी धरलेल्या आसनात आधीच्या पायऱ्या परीक्षकाला दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही ते शिकवायला कोणी बसत नाही.

तेव्हा नव्याने शिकू पाहणाऱ्याने शिक्षकाची परंपरा, पदव्या आणि पाठीराख्यांची संख्या पाहण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. तो उतरायचे कसे हे चढण्याआधी सांगतो का, तुम्ही काय करू नये हे विचारपूस करून ठरवतो का, आणि कुठे गप्प राहतो. तिन्हींची उत्तरे बरी असतील तर तो कैवल्यधामात असो की मोबाइलमध्ये, शिकावे. राहिला माझा हट्ट. चिखलोलीच्या नव्या इमारतींत व्यायामाची खोली दाखवून घरे विकली जातील आणि तिथे चालते पट्टे बसतील, हे ठरलेले आहे. त्यांच्या शेजारी छताला एक मजबूत कडी आणि तिला एक जाड सुती दोर तेवढा टांगावा. दोरीच्या मल्लखांबाला वीज लागत नाही, दोरीतून कोणाचा आवाज येत नाही, आणि पकड ढिली झाली की ते दोरीइतके लवकर दुसरे कोणी सांगत नाही.