कडकनाथ कोंबडीची घरगुती पैदास

मध्य प्रदेशातील झाबुआ भागात आदिवासींनी जोपासलेल्या काळ्या कडकनाथ कोंबडीच्या मांसास २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. या जातीची मादी क्वचितच खुडूक होते. म्हणून तिची आठवड्याच्या आतील, स्वच्छ अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली उबवण्यास ठेवावीत. एका कोंबडीस १० ते १२ अंडी पुरेशी होतात. सातव्या दिवशी रात्री अंडी दिव्यासमोर धरून पाहावीत. ज्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत नाही, ती काढून टाकावीत. सुमारे २१ दिवसांनी पिले बाहेर पडतात.

पैदाशीच्या कळपात अन्य जातीचा कोंबडा मिसळल्यास वाण भ्रष्ट होतो. सतत घरचाच कोंबडा ठेवल्यास निकट प्रजननामुळे संतती दुर्बल होते. यास्तव कोंबडा दुसऱ्या शुद्ध कडकनाथ कळपातून आणावा.