एका ताटात जेवायची तयारी आहे?

इथिओपियन हॉटेलात चौघांनी जेवण मागवलं की चार ताटं येत नाहीत, एकच येतं. मोठ्या थाळ्यावर इंजेरा अंथरलेला, त्यावर भाज्या आणि आमट्यांचे ढीग, आणि सगळ्यांनी त्यातूनच खायचं. ‘उष्टं खाऊ नये’ हे ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांचा हात इथेच अडखळतो. नैरोबीला मावशीकडे जाताना अदिस अबाबामध्ये आमचा दिवसभराचा थांबा होता. तिथल्या एका साध्या हॉटेलात आईने बसल्या बसल्या वेगळी ताटली मागितली. वाढणाऱ्या मुलीने हसून ती आणूनही दिली.

खरं तर या एका ताटालाही शिस्त आहे. जेवणाआधी हात धुवायचे. जुन्या वळणाच्या ठिकाणी त्यासाठी तांब्या आणि तसराळं घेऊन कुणीतरी टेबलाशीच येतं. मग फक्त उजव्या हाताने इंजेऱ्याचा तुकडा तोडायचा, त्यात भाजी धरायची आणि आपल्या समोरचंच खायचं. बोटं ओठांना लागू द्यायची नाहीत आणि चाटायची तर मुळीच नाहीत. आपल्या पंगतीत यातलं किती पाळलं जातं, तुम्हीच सांगा!

इंजेरा पाहून तुम्हाला आंबोळी आठवेल. टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि एकाच बाजूने भाजतात, त्यामुळे वर छान जाळी पडते. पहिला घास आंबट लागतो. मुलं नाक मुरडतील, पण भाजीसोबत तो आंबटपणा जुळून येतो.

शाकाहारी असाल तर ‘त्सोम’ हा शब्द पाठ करून ठेवा. त्सोम म्हणजे उपास. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वी ५५ दिवस मांस, अंडी, दूध, तूप काहीच खात नाहीत. म्हणून ‘त्सोम बेयाइनेतू’ मागा, म्हणजे उपासाचं थोडं थोडं सगळं. त्यात बेरबेरे या लाल मसाल्यातली मसुराची ‘मिसिर वॉत’ असते, पालेभाजीचं ‘गोमेन’ असतं आणि मुलांना चालेल अशी हळदीची, तिखट नसलेली ‘किक अलिचा’ ही वाटाण्याच्या डाळीची आमटी असते. ‘शिरो’ मात्र गोड नाही हं! तो डाळीच्या पिठाचा, थेट आपल्या पिठल्याचा भाऊ. पण ‘बोझेना शिरो’ मागवू नका, त्यात मांस असतं. ‘किटफो’ म्हणजे तर गोमांसाचा कच्चा खिमा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची इथे पंचाईतच होते, कारण बहुतेक वॉतची सुरुवातच भरपूर कांदा परतून होते.

आणि मग येतो गुर्शा. शेजारी बसलेली व्यक्ती छान मोठा घास करून थेट तुमच्या तोंडात भरवते. हा मायेचा आणि मानाचा घास, तो नाकारणं बरं दिसत नाही. लग्नात नाव घेऊन घास भरवतात ना, तसंच, फक्त इथे त्यासाठी लग्न लागत नाही. आमच्या वाढणाऱ्या मुलीने आईसमोर असाच घास धरला. आईने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

त्यानंतर घाई करू नका. भाज्या संपल्या की तळाचा, सगळे रस प्यायलेला इंजेरा उरतो. ताटातला सर्वांत चविष्ट भाग हाच, म्हणून थोडी भूक राखून ठेवा. मग कॉफी. बिया तिथेच भाजतात, सोबत बऱ्याचदा लाह्या देतात आणि तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. प्रत्येक फेरीला कॉफी थोडी फिकी होत जाते. पहिलीनंतर उठू नका, तिसरीपर्यंत बसायची पद्धत आहे.

आम्ही तिसरीपर्यंत बसलो. आईची वेगळी ताटली टेबलाच्या कडेला कोरडीच होती.