मोकळ्या तारांवरचं गाणं

पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत निघालेली रात्रीची बस बंगळुरूत शिरते ती तुमकूर रस्त्याने. डोळे चोळत खिडकीबाहेर पाहिलं की शहराआधी दिसतं ते पीण्या औद्योगिक क्षेत्र. १९७०च्या दशकात वसवलेली ही वसाहत आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते. पत्र्याला आकार देणारे प्रेस, लेथ, सीएनसी यंत्रं, प्लेटिंग आणि पावडर कोटिंगची छोटी वर्कशॉप, तयार कपड्यांची युनिटं असा सारा पसारा गल्लोगल्ली पसरलेला. ऑक्टोबर २०११च्या अखेरीस काळे टी-शर्ट घातलेली मराठी पोरं याच रस्त्याने बंगळुरूत उतरली. ३० तारखेला, रविवारी, पॅलेस ग्राउंड्सवर अमेरिकन हेवी मेटल बँड मेटॅलिका वाजवणार होती. भारतातला त्यांचा तो पहिला कार्यक्रम.

खरं तर तो दुसरा ठरायचा होता. दोनच दिवस आधी, २८ तारखेला, गुडगावात त्यांचा कार्यक्रम ठरला होता. रंगमंचापुढचा कठडा टिकला नाही, कार्यक्रम थांबवावा लागला, आणि वाट पाहून चिडलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली. त्यामुळे बंगळुरूच्या मैदानावर रविवारी जमलेल्यांच्या पोटात गोळा होता. आधी स्थानिक इनर सँक्टम आणि स्कॉटलंडचे बिफी क्लायरो वाजवून गेले. मग मेटॅलिका आली. दोन तासांच्या धडधडाटात एक गाणं असं आलं की ड्रम गप्प झाले आणि एकट्या गिटारचे सूर मैदानावर पसरले. 'नथिंग एल्स मॅटर्स'. वीस वर्षांपूर्वीचं गाणं. समोरच्या गर्दीतल्या कित्येकांचा जन्म त्या गाण्याच्या आगेमागेच झालेला, तरी त्यांना त्याचा शब्द न् शब्द पाठ होता.

हेवी मेटलमध्ये असं हळवं गाणं कुठून आलं, हे समजून घ्यायचं तर आधी कारखान्यातूनच जावं लागतं. पीण्यात दिवसभर खाली-वर होतात तसल्याच एका प्रेसखाली १९६५ साली बर्मिंगहॅममध्ये सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पत्र्याच्या कारखान्यातला तो त्याचा शेवटचा दिवस होता. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटारचा स्वरच खाली उतरवला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो जड, खोल आवाज अशा तडजोडीतून आला. मेटॅलिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड आणि ड्रमर लार्स उलरिक हे सॅबथचे निस्सीम चाहते. २००६ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सॅबथचा प्रवेश झाला तेव्हा त्यांचं स्वागत करायला हेच दोघे उभे होते. हेवी मेटलच्या मुळाशी अशी हातांची कहाणी आहे, आणि या गाण्याच्याही मुळाशी हातच आहे.

हे गाणं सुचलं तेव्हा हेटफील्ड दौऱ्यावर होता. प्रेयसीशी फोनवर बोलत होता. एका हातात फोन, मांडीवर गिटार. डावा हात अडकलेला, त्यामुळे पट्टीवर बोटं ठेवायची सोयच नव्हती. उजव्या हाताने तो मोकळ्या ताराच छेडत राहिला. आधी सर्वांत जाड तार, मग तिसरी, दुसरी, पहिली, आणि परत दुसरी, तिसरी. गिटारच्या नेहमीच्या लावणीत या मोकळ्या तारांमधून ई मायनरचा उदास स्वरमेळ आपोआप उमटतो. गाण्याची सुरुवात ती. सहा सूर, सहा मात्रा. पाश्चात्त्य लिपीत याला सहा-अष्टमांश म्हणतात. दादऱ्यात भावगीतं ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हा झोका परका वाटत नाही. थ्रॅश मेटलच्या सरळ, चौपदरी धडाक्यातून आलेल्या बँडकडून मात्र तो अनपेक्षित होता.

हेटफील्डने ते गाणं बँडसाठी लिहिलंच नव्हतं. घरापासून दूर असलेल्या माणसाने स्वतःसाठी गुणगुणलेली ती चीज होती. लहानपणी वडील घर सोडून गेले, किशोरवयात आई कॅन्सरने गेली. औषधोपचार नाकारणाऱ्या पंथात वाढलेल्या या मुलाने तोवर आपली माया गाण्यात कधी अशी उघडी टाकली नव्हती. हे गाणं पुढे ज्या 'मेटॅलिका' अल्बममध्ये आलं, त्यातल्याच 'द गॉड दॅट फेल्ड'मध्ये आईच्या मृत्यूचा राग आहे, आणि राग दाखवणं त्याला जमत होतं. हे दुसरं जमेल की नाही याची त्याला धास्ती होती. उलरिकने ते ऐकलं आणि अल्बममध्ये घ्यायचा आग्रह धरला. इथे श्रेय उलरिकला द्यायलाच हवं. मेटॅलिकाच्या ड्रमरवर टीका करणाऱ्यांची कधीच वाण नव्हती, पण कोणतं गाणं ठेवायचं हे कळणारा कान त्याच्यापाशी होता.

ऑक्टोबर १९९० ते जून १९९१ असे नऊ महिने हा अल्बम लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत घडत होता. निर्माता बॉब रॉक. त्याने केलेल्या मॉटली क्रूच्या 'डॉक्टर फीलगुड'चा दणदणीत आवाज ऐकून मेटॅलिकाने त्याला बोलावलं, आणि तो आल्यावर त्याच्याशी रोज भांडण झालं. चौघांनी एकत्र बसून वाजवावं असा त्याचा हट्ट होता. शब्द पुन्हा लिहा, आवाज पुन्हा लावा, असं तो सांगत राहिला. अल्बमचं मिश्रण तीनदा झालं, खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला. त्या काळात उलरिक, लीड गिटारवादक कर्क हॅमेट आणि बेसवादक जेसन न्यूस्टेड या तिघांचेही संसार मोडले. चौथ्याने याच दिवसांत प्रेमाचं गाणं गायलं.

ते गाणं त्याच्या घशाला सोसणारं नव्हतं. ओरडून गाण्याने त्याचा आवाज बसला होता, आणि या काळात तो गायनशिक्षकाकडे जाऊन रोजचा रियाज शिकला. अल्बममधला आवाज नीट ऐकला तर ते कळतं. तो सूर धरून ठेवतो, शब्द पुरा संपू देतो, खाली उतरताना घाई करत नाही. गाण्याच्या मध्यावर आणि शेवटी येणारी गिटारही त्याचीच. हॅमेट या ध्वनिमुद्रणात वाजवतच नाही. जगातल्या नावाजलेल्या मेटल लीड गिटारवादकांपैकी एकाच्या बँडचं हे इतकं गाजलेलं गाणं, आणि त्यात तो नाही! दौऱ्यावर जायची वेळ आली तेव्हा हॅमेटला ते शिकून घ्यावं लागलं.

तारवाद्यांचा थर बॉब रॉकच्या सूचनेवरून आला. त्याची मांडणी मायकेल केमन यांनी केली. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'वर काम केलेले, 'लीथल वेपन' आणि 'डाय हार्ड'चं संगीत दिलेले हे केमन. त्याच १९९१ साली ब्रायन ॲडम्सच्या, 'रॉबिन हूड' चित्रपटातल्या प्रचंड गाजलेल्या बॅलडमध्येही त्यांचा हात होता. मेटॅलिकाने मात्र अंतिम मिश्रणात त्यांची व्हायोलिनं मागेच ठेवली. ती कानांपेक्षा छातीला जाणवतात. हा निर्णय बरोबर होता. पुढे 'सॅड बट ट्रू'च्या सिंगलवर 'एलेव्हेटर व्हर्जन' नावाने याच गाण्याचं एक रूप आलं. त्यात ड्रम नाहीत, जड गिटार नाही. ते सुंदर आहे, पण फार लवकर गोड होतं. मूळ गाण्यात शेवटाकडे डिस्टॉर्टेड गिटारचा जो लोंढा येतो, त्यावाचून आधीची शांतता अपुरी वाटते. केमनशी जुळलेला हा धागा मात्र वाया गेला नाही. एप्रिल १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी आणि मेटॅलिका बर्कलीच्या रंगमंचावर एकत्र वाजले ते केमन यांच्याच दिग्दर्शनाखाली, आणि त्यात हे गाणं होतंच.

१२ ऑगस्ट १९९१ रोजी 'मेटॅलिका' हा अल्बम बाजारात आला. काळ्या मुखपृष्ठामुळे सगळे त्याला ब्लॅक अल्बमच म्हणतात. अमेरिकेच्या यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला आणि चार आठवडे तिथेच राहिला. एकट्या अमेरिकेत पुढे त्याच्या १.६ कोटींहून अधिक प्रती गेल्या. 'नथिंग एल्स मॅटर्स' सिंगल म्हणून एप्रिल १९९२ मध्ये निघालं. ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, अमेरिकेत फक्त चौतिसाव्यापर्यंत. त्याच महिन्यात, २० तारखेला, वेम्ब्लीवर फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत मेटॅलिकाने वाजवलेल्या तीन गाण्यांपैकी हे एक होतं. मृत मित्राला निरोप द्यायला जमलेल्या त्या गर्दीत प्रेयसीसाठी लिहिलेलं गाणं मुळीच विजोड वाटलं नाही.

जुने चाहते दुखावले, हेही खरं. 'मास्टर ऑफ पपेट्स' या जुन्या अल्बमवर वाढलेल्यांना वाटलं, आपला बँड रेडिओला विकला गेला. हा आरोप नवा नव्हता. १९८४ साली 'फेड टू ब्लॅक' हे त्यांचं हळवं गाणं आलं तेव्हाही असंच झालं होतं, आणि त्या गाण्याने पुढे किती खचलेल्या पोरांना सोबत केली हे मेटॅलिकाच्या चाहत्यांना सांगावं लागत नाही. १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात बेसवादक क्लिफ बर्टन गेला. त्यानंतर बँडने रागाच्या पलीकडचं काही म्हणायचं ठरवलं तर त्यात दगाबाजी कसली? चाहत्यांचा राग समजतो. तो टिकण्यासारखा मात्र नव्हता, आणि टिकला नाही.

भारतात हे गाणं पोचलं ते योग्य वेळी. सप्टेंबर १९९१ मध्ये स्टार टीव्हीवरून एमटीव्ही एशिया सुरू झालं. गल्लीतल्या केबलवाल्याच्या कृपेने पुण्या-मुंबईतल्या घरांत अचानक दाढीमिशांची परदेशी माणसं दिसू लागली. त्याआधी रॉक ऐकायचं म्हणजे कुणाच्या तरी मामाने आणलेली कॅसेट, तिची कॉपी, आणि कॉपीची कॉपी. वाजवायची मुंबईतली जागा म्हणजे धोबी तलावचं रंगभवन, जिथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरे. महेश तिनईकर, उदय बेनेगल यांच्या रॉक मशीनने तिथे आपला श्रोता घडवला. १९९३ साली इंडस क्रीड या नव्या नावाने त्यांचं 'प्रिटी चाइल्ड' एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांची पसंती ठरलं. स्वतःची गाणी लिहिणारे असे बँड मोजके, बाकी कॉलेजांचे बँड परक्यांची गाणी वाजवत होते. आणि कॉलेजच्या बँडला एक तरी हळवं गाणं लागतंच.

या गाण्याचा खरा प्रवास इथे सुरू होतो. ते ऐकणाऱ्यांनी मोठं केलं त्याहून जास्त वाजवणाऱ्यांनी केलं. गिटार विकत घेतलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात काय वाजवता येतं? बारे कॉर्डला बोटं पुरत नाहीत, तारा बोटांत रुततात, सी वरून जी वर जाताना ताल तुटतो. पण या गाण्याच्या सुरुवातीला डाव्या हाताचं कामच नाही. उजव्या हाताने सहा सूर छेडा, आणि खोलीत बसलेला प्रत्येक जण ओळखतो की हे काय आहे. हेटफील्डचा अडकलेला हात नवशिक्याला नेमका कामी आला. क्लासमधल्या झेरॉक्स टॅबवर, हॉस्टेलच्या गच्चीवर, पुण्याच्या कट्ट्यांवर आणि बंगळुरूच्या पीजींमध्ये हे गाणं हातातून हातात गेलं. यादीतला चौतिसावा क्रमांक या प्रवासाबद्दल काहीच सांगत नाही.

बंगळुरूला मेटलची परंपरा आधीपासून होती. १९९८ पासून वाजवणाऱ्या क्रिप्टोससारख्या बँडने शहराला मेटलची सवय लावली होती. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन याच पॅलेस ग्राउंड्सवर येऊन गेले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्कॉर्पियन्स. म्हणून ३० ऑक्टोबर २०११च्या रात्री मैदानावर पहिले सहा सूर वाजले तेव्हा समोर नुसते श्रोते नव्हते. त्यांतल्या अनेकांनी ते सूर आपल्या बोटांनी शेकडो वेळा छेडले होते. सुरुवात वाजवत होता हॅमेट, गाणं आणि मधली गिटार हेटफील्डकडे. मैफलींमध्ये ही वाटणी आजही तशीच असते.

२०२१ मध्ये अल्बमला तीस वर्षं झाली. जुलैत 'नथिंग एल्स मॅटर्स'च्या व्हिडिओने यूट्यूबवर १०० कोटी प्रेक्षणांचा टप्पा ओलांडला. सप्टेंबरात 'द मेटॅलिका ब्लॅकलिस्ट' आला. ५३ कलाकारांनी त्या अल्बममधली आपल्या आवडीची गाणी नव्याने गायली, आणि त्यांतल्या डझनभरांनी हेच निवडलं. मायली सायरसच्या रूपात पियानोवर एल्टन जॉन आहेत आणि चेलोवर यो-यो मा. त्या संचात मुंबईही आहे. डिव्हाइन, विशाल ददलानी आणि शोर पोलीस यांनी मात्र त्याच अल्बममधलं 'द अनफरगिव्हन' उचललं आणि त्यात हिंदी रॅप आणला. हेटफील्डने ज्या गाण्यात आपल्या कोंडमाऱ्याबद्दल लिहिलं होतं, त्यात आता मुंबईच्या वस्तीचा आवाज ऐकू येतो.