संगणकावर ‘कनेक्शन खाजगी नाही’ असे आले तर



ऊसबिल आता थेट बँकेच्या खात्यावर जमा होते, सातबाराही घरबसल्या निघतो. पूर्वी ज्या कामापायी अख्खा दिवस मोडायचा ते काम आता घरातली मुलं संगणकावर, नाहीतर मोबाइलवर करून टाकतात. पण मधूनच पडद्यावर तांबडा त्रिकोण येतो, ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असे शब्द उमटतात आणि काम अडते. मग कोणी घाबरून मशीनच बंद करतो, तर कोणी न वाचता बटण दाबून पुढे जातो. खरे तर ती सूचना नीट वाचली, तर दोष आपल्या मशीनचा की समोरच्या साइटचा हे बहुतेक वेळा आपले आपल्यालाच कळते.

आपल्या वजनकाट्याचेच घ्या. वैधमापन खात्याचे निरीक्षक दरवर्षी काटा तपासून शिक्का मारतात. शंका आली तर सभासद काय बघतो? शिक्का ह्याच काट्याचा आहे का, मुदत शिल्लक आहे का, आणि शिक्का मारणारा खरोखर त्या खात्याचा आहे का. साइट उघडताना ब्राउझर (म्हणजे आपले क्रोम, फायरफॉक्स वगैरे) हेच तीन प्रश्न विचारतो. साइटजवळ एक सर्टिफिकेट असते. त्यावर साइटचे नाव, मुदत आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सही असते. कोणत्या संस्थांवर विश्वास ठेवायचा त्याची यादी संगणकात किंवा ब्राउझरमध्ये आधीच भरलेली असते. ह्या तीनांपैकी एक जरी गोष्ट जुळली नाही, तरी तांबडा त्रिकोण आलाच म्हणून समजा.

आता मुदतीचे बघू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. आपल्याकडच्या सभासदांची काही मुलं बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. त्यांतला एकजण पालघर तालुक्यात एडवणला राहतो. किनाऱ्यावरचे गाव, पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाते. एकदा वीज आल्यावर त्याने जुना संगणक सुरू केला, तर एकही साइट धड उघडेना. बँक नाही, सातबारा नाही, गुगलसुद्धा नाही. गावाकडे वडिलांना वाटले, खाते कोणी फोडले की काय! दोष निघाला घड्याळात. संगणकाच्या आत रुपयाएवढी एक बटण-बॅटरी असते, वीज नसताना ती तारीख सांभाळते. ती मेलेली, त्यामुळे संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. मागच्या तारखेला आजचे सर्टिफिकेट सुरूच झालेले नसते, मग ब्राउझर ते खरे कसे मानणार? तारीख-वेळ दुरुस्त केली, किरकोळ किमतीची बॅटरी बदलली, काम झाले. तेव्हा एकाच वेळी सगळ्याच साइट अडल्या, तर आधी कोपऱ्यातले घड्याळ बघावे. दिवस, महिना आणि वर्षसुद्धा.

घड्याळ बरोबर आहे आणि एकच साइट अडते आहे, तर मुदत त्या साइटची संपलेली असण्याचा संभव मोठा. तिथे आपल्या हाती काही नसते. एक-दोन दिवस थांबावे, फारच निकड असेल तर फोन करावा. असे प्रसंग पुढे वाढलेही तर नवल नाही, कारण सर्टिफिकेटची मुदत आखूड होत चालली आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने कमी करून २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवसांवर आणायचे ठरले. नूतनीकरण हाताने करणाऱ्यांची धावपळ होणार हे उघड आहे.

कधी यादीच जुनी होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अनेक साइटच्या सर्टिफिकेटांमागे असलेले एक मूळ सर्टिफिकेट संपले. त्या दिवशी जगभर कित्येक जुनी मशीने आणि जुने फोन अडले. घड्याळ बरोबर, साइटही बरोबर, फक्त नवी यादी त्यांच्यात भरलेली नव्हती. अशा वेळी अपडेट करणे हाच इलाज. लॉजवरचे किंवा स्टेशनवरचे फुकट वाय-फायही असाच अडथळा आणते. ते तोडून स्वतःच्या मोबाइलच्या नेटवर बघावे.

आता कोणी म्हणेल, शिक्का मारणाराच चुकला तर? तसेही झालेले आहे, आणि आपल्याच देशात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर केंद्र सरकारचा नियंत्रक असतो. त्याच्या हाताखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रालाही असा अधिकार होता. २ जुलै २०१४ रोजी गुगलच्या लक्षात आले, की आपल्या नावाची सर्टिफिकेटे ह्या केंद्राकडून परवानगीशिवाय निघाली आहेत. अशा सर्टिफिकेटाच्या जोरावर कोणीही मध्ये बसून दुसऱ्याचा मजकूर वाचू शकतो, आणि पडद्यावर सूचना म्हणून येत नाही. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी केंद्राची ती सर्टिफिकेटे रद्द केली. पुढे क्रोमने भारतीय नियंत्रकाच्या सहीला मोजक्या सात नावांपुरतीच मान्यता ठेवली. फायरफॉक्सच्या यादीत ती सही मुळात नव्हतीच, म्हणून त्याला धक्का लागला नाही. आपल्या मते क्रोमने केले ते योग्यच. काट्यावर खोटा शिक्का सापडला, तर निरीक्षक सरकारी आहे म्हणून आपण गप्प बसू का?

राहिला नावाचा प्रश्न. शिक्का एका काट्याचा आणि गाडी दुसऱ्याच काट्यावर, असे झाले तर सावध व्हावे. पत्ता टंकताना एखादे अक्षर इकडेतिकडे झाले आहे का ते पाहावे. उलट, त्रिकोण आला नाही म्हणजे साइट भल्या माणसाचीच आहे असेही नाही. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन लबाड माणूसही रीतसर सर्टिफिकेट मिळवतो. ब्राउझर फक्त पत्ता खरा की खोटा ते सांगतो, घरमालकाची नियत सांगत नाही.

सूचनेखाली ‘तरीही पुढे जा’ अशी वाट कधी असते, कधी नसते. घरच्या वाय-फायच्या डबीची सेटिंग उघडताना ती वाट धरली तर चालते. बँक, सातबारा, आधार ह्यांपैकी काहीही असेल तर मात्र ती धरू नये. पासवर्ड आणि ओटीपी तर मुळीच घालू नये. आधीच घातला असेल तर दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदलावा आणि बँकेला कळवावे. फोन नंबर पासबुकावरचा घ्यावा, पडद्यावर दिसणारा घेऊ नये.