मॅट कागदाचा काळा आणि कापसाचा पांढरा

इंकजेट यंत्राजवळ पांढरी शाई नसते. चित्रात जेथे प्रकाश दाखवायचा असतो तेथे ते कागद कोरा सोडते, आणि म्हणून छापलेल्या छायाचित्राच्या सर्वांत उजळ भागाचा रंग हा प्रत्यक्षात कागदाचाच रंग असतो. सर्वांत गडद भागाची मर्यादाही कागदच ठरवतो, कारण तीच काळी शाई चकचकीत कागदावर खोल दिसते आणि मॅट, म्हणजे चमक नसलेल्या कागदावर मवाळ होते. हे लक्षात घेतले, तर छायाचित्रासाठी मॅट आर्ट पेपर निवडणे हा सजावटीचा प्रश्न राहत नाही. छायाचित्राचा पांढरा आणि काळा निवडण्याइतका तो मूलभूत ठरतो. जालना जिल्ह्यातील भोकरदनसारख्या गावी, जेथे स्टुडिओतील बहुतेक काम लग्नाच्या चकचकीत अल्बमचे असते, तेथे हा कागद अजून अपरिचित वाटत असला, तरी त्याची सामग्री आणि त्याचा पूर्वेतिहास हे दोन्ही या परिसराला परके नाहीत.

उत्तम मॅट आर्ट पेपर कापसाचा असतो, आणि भोकरदन तालुका मराठवाड्याच्या कापूसपट्ट्यातच मोडतो. जिनिंगमध्ये लांब धाग्याची रुई वेगळी झाल्यावर सरकीच्या अंगावर दोन ते सहा मिलिमीटर लांबीची तोकडी लव उरते. तिला व्यापारात लिंटर म्हणतात. ही लव सुताला उपयोगी नसते, कागदाला मात्र फार उपयोगी असते, कारण तिच्यात सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीच्या तंतूचे मूळ द्रव्य, जवळजवळ शुद्ध स्वरूपात असते. लाकडात सेल्युलोज निम्म्याच्या आसपास असते आणि त्याच्याबरोबर लिग्निन नावाचे चिकट द्रव्य येते, जे उजेडाने व हवेने पिवळे पडते. वर्तमानपत्राचा कागद उन्हात काही दिवसांतच तांबूस होतो तो त्यामुळेच. लाकडाच्या लगद्यातून लिग्निन रासायनिक प्रक्रियेने काढून टाकले म्हणजे जो कागद होतो त्याला अल्फा सेल्युलोज कागद म्हणतात. तो कापसाच्या कागदापेक्षा स्वस्त असतो, चांगला टिकतो, आणि प्रदर्शनासाठी नसलेल्या बहुतेक कामाला पुरतो. वेष्टनावर ‘कॉटन रॅग’ असे लिहिलेले असते त्याचे कारण पूर्वी असा कागद जुन्या सुती चिंध्यांपासून होत असे. आज त्याची जागा बहुतांशी लिंटरने घेतली आहे.

चिंध्या, ताग आणि जुने दोरखंड कुटून कागद करण्याची विद्या दख्खनमध्ये शतकानुशतके नांदली. दौलताबादहून खुलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कागजीपुरा हे गाव त्या विद्येचेच नाव धारण करते. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कागदी कारागीर येथे आले, अशी परंपरा आहे. दौलताबादी आणि जुन्नरी कागद मराठ्यांच्या दफ्तरांत वापरला जाई. हा कागद लगद्याच्या हौदातून चाळणीवर उचलला, दाबला आणि वाळवला, तरी लिहिण्यायोग्य होत नसे. त्याला खळ, म्हणजे पिष्टाची पातळ पेज द्यावी लागे आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटावा लागे. खळ दिली नाही तर बोरूची शाई तंतूंमध्ये शिरून पसरे, अक्षराची कड फुटे. १९४० मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांच्या पुढाकारातून पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, आणि यंत्राच्या कागदापुढे मागे पडलेल्या या धंद्याला प्रशिक्षण व संशोधनाचे घर मिळाले. कागजीपुऱ्याचा खळ देणारा कारागीर आणि आजचा मॅट कागद बनवणारा कारखाना एकाच प्रश्नाशी झुंजतात: शाईला पृष्ठावर थांबवायचे कसे.

इंकजेट कागदावर या प्रश्नाचे उत्तर एका पातळ पांढऱ्या थराने दिले जाते. त्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि ते बहुधा पॉलिव्हिनिल अल्कोहोलसारख्या बंधकाने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. कणांमधील पोकळ्या शाईतील पाणी झटकन शोषतात आणि रंगद्रव्य वरच राहते. थरातील धनभारित द्रव्ये ऋणभारित रंगाला जागच्या जागी बांधतात. साध्या हातकागदावर हा थर नसतो, म्हणून त्यावर छापलेले चित्र फिकट आणि बोथट येते. ब्रशने लावायचे तयार ग्रहणथर मिळतात आणि त्यांच्या साहाय्याने हातकागदावरही छपाई करता येते, मात्र त्याचे सुटे तंतू यंत्राच्या शाई फेकणाऱ्या भागाला घासण्याचा धोका राहतोच.

थराइतकीच टिकाऊ शाईही लागते, हे अनुभवाने कळत गेले. १९९१ मध्ये संगीतकार ग्रॅहॅम नॅश यांच्या ‘नॅश एडिशन्स’ या कॅलिफोर्नियातील छपाईशाळेने कला म्हणून इंकजेट छपाई सुरू केली, तेव्हा तेथील आयरिस हे यंत्र मुळात छापखान्यांची रंगीत प्रुफे काढण्यासाठी बनलेले होते. त्यातून जलरंगाच्या जाड सुती कागदावर देखणी चित्रे उतरली, परंतु त्यातील डाय, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारे रंग, उजेडात लवकर उडत. पुढे २००० च्या आसपास पिगमेंट शाई, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या न विरघळलेल्या रंगकणांची शाई, छायाचित्रांच्या यंत्रांत आली आणि सुती कागदाच्या टिकाऊपणाला तोलामोलाची शाई मिळाली. डाय शाईच्या यंत्रात महागडा सुती कागद घालणे हे आजही बहुधा वाया जाते. कागद टिकतो, चित्र आधी फिके पडते. त्यामुळे निवडीचा पहिला प्रश्न कागदाचा नसून यंत्रात कोणती शाई आहे हा आहे.

दुसरा प्रश्न काळ्याचा. पिगमेंट यंत्रांत बहुधा दोन काळ्या शाया असतात: चकचकीत कागदासाठी फोटो ब्लॅक आणि मॅट कागदासाठी मॅट ब्लॅक. मॅट कागदावर चुकून फोटो ब्लॅक वापरली गेली, तर चित्र धुरकट दिसते आणि दोष कागदाच्या माथी मारला जातो. योग्य शाई असली तरीही मॅट कागदाचा काळा चकचकीत कागदाइतका खोल होत नाही, कारण त्याचे खडबडीत पृष्ठ प्रकाश सर्व दिशांना विखुरते आणि त्यातला काही भाग पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे येतोच. ही खोली घनता या लॉगरिदमी मापाने मोजतात. मॅट कागदावर ती साधारण १.६ ते १.७ असते, म्हणजे सर्वांत गडद काळाही सुमारे दोन ते अडीच टक्के प्रकाश परत पाठवतो. चांगल्या चकचकीत कागदावर ती २.३ च्या आसपास वा त्याहून अधिक असते, म्हणजे परत येणारा प्रकाश अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरतो. जो मनुष्य मॅट कागद घेतो तो हे अंतर जाणून घेतो, आणि त्याच्या बदल्यात त्याला असे पृष्ठ मिळते ज्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडत नाही आणि जे कोणत्याही कोनातून सारखेच दिसते.

हा सौदा कोणत्या चित्राला मानवतो, हे पाहण्यासाठी भोकरदनच्या परिसरात उत्तम उदाहरणे आहेत. अजिंठ्याची भित्तिचित्रे स्वतःच मॅट आहेत: मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, राजावर्ताचा निळा असे रंग डिंकासारख्या बंधकात कालवून लावलेले. तेथे काजळीचा काळाही चमकत नाही. अशा भिंतीचे छायाचित्र चकचकीत कागदावर छापले, तर भिंतीत नसलेला काळा आणि भिंतीत नसलेली झळाळी चित्रात शिरते. मॅट सुती कागदावर मात्र रंगकण पुन्हा एकदा कोरड्या, श्वेत थरावर बसतात, आणि मूळ भिंत व छापील चित्र यांचे पृष्ठ एकमेकांच्या जवळ येते. याउलट रात्रीची रोषणाई, जरीचा शालू, ओला रस्ता, काळ्या पार्श्वभूमीवरचे दागिने अशी चित्रे मॅट कागदावर बसकी होतात. त्यांच्यासाठी हा कागद आग्रहाने वापरू नये.

पांढऱ्याचा प्रश्न काळ्याहून नाजूक आहे, कारण येथे बाजार डोळ्याला फसवतो. पुष्कळ कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर मिसळलेले असतात; ही द्रव्ये डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, आणि त्यामुळे कागद शेजारच्या कागदापेक्षा अधिक शुभ्र भासतो. तत्त्व वेगळे असले, तरी कपड्यांना दिलेल्या निळीसारखाच हा परिणाम आहे. अडचण अशी, की ही द्रव्ये वर्षानुवर्षांच्या उजेडाने निकामी होतात आणि कागद आपल्या मूळच्या उबदार रंगाकडे परततो. शिवाय अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे किंवा ज्यातून ते किरण बाहेर पडत नाहीत अशा एलईडी दिव्याखाली तोच कागद पहिल्या दिवसापासून वेगळा दिसतो. खोली अंधारी करून कागदावर नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याचा झोत टाकला, की ब्राइटनर असलेला कागद निळा उजळतो, आणि नसलेला जवळजवळ काळवंडलेलाच राहतो. ही चाचणी कोणत्याही दुकानात करता येते.

भोकरदन, म्हणजे शिलालेखांतले भोगवर्धन, येथे शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी केलेल्या उत्खननात हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती सापडली, आणि १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी असलेल्या साम्यामुळे ती अभ्यासकांच्या चर्चेत आली. हस्तिदंताच्या वस्तूचे छायाचित्र हा कागदाच्या पांढऱ्याची कठोर कसोटी घेणारा विषय आहे. निळसर शुभ्र कागदावर मूर्तीचे उजळ भाग आजूबाजूच्या कोऱ्या कडेशी भांडतात आणि मळकट पिवळे वाटू लागतात; ब्राइटनरविरहित, किंचित मलईदार कागदावर तेच भाग कागदातून उगवल्यासारखे येतात आणि मूर्तीची वळणे शाईच्या अगदी हलक्या थरांनी दाखवता येतात. जुनी कौटुंबिक छायाचित्रे, वृद्धांचे चेहरे, मातीची घरे, उन्हाळी शिवार यांनाही हाच पांढरा मानवतो. बर्फ, काच, पोलाद आणि दवाखान्याच्या भिंती यांना थंड पांढरा हवा असेल, तर ब्राइटनर अल्प असलेला कागद घ्यावा. पण ते जाणून घ्यावे.

टिकाऊपणाच्या शब्दांतही सावधपणा हवा. ‘आम्लमुक्त’ एवढे लिहिणे पुरेसे नसते, कारण आज आम्लमुक्त असलेला कागद हवेतील वायूंनी उद्या आम्लधर्मी होऊ शकतो. आयएसओ ९७०६ हे स्थायी कागदाचे मानक म्हणूनच सामू (पीएच) ७.५ ते १० च्या दरम्यान असावा एवढ्यावर न थांबता कागदात किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कधर्मी साठाही मागते. नंतर आत शिरणारे आम्ल हा साठा शमवतो.

वजन आणि पोत यांविषयी थोडक्यात सांगता येते. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅमचा असतो. मॅट आर्ट पेपर बहुधा १९० ते ३१० जीएसएमचा असतो, आणि ३०० च्या पुढे त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जात असल्याने तो मागच्या सरळ मार्गाने एकेक पान असाच यंत्रात घालावा लागतो. हॉट प्रेस म्हणजे तापलेल्या रुळांतून काढलेला गुळगुळीत कागद. कोल्ड प्रेस वा एचिंग म्हणजे ज्यावर लोकरी फेल्टची खूण उरलेली असते असा दाणेदार कागद. चेहऱ्याच्या बारकाव्याला पहिला, मोठ्या आकाराच्या निसर्गचित्राला दुसरा, असा सर्वसाधारण कल आहे. पोत चित्राहून मोठा बोलू लागला तर तो चुकला असे समजावे. जर्मनीतील हानेम्यूले गिरणीचा ३०८ जीएसएमचा फोटो रॅग आणि फ्रान्सच्या कॅन्सनचा रॅग फोटोग्राफिक हे गुळगुळीत सुती कागद जगभर तुलनेचा मापदंड म्हणून वापरले जातात, आणि पहिला कागद निवडताना यांच्या नमुन्यांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

प्रत्येक कागदासाठी वेगळे प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर ती शाई कोणता रंग देते याची मोजून केलेली नोंद, यंत्राला द्यावे लागते. ते न देता केलेल्या छपाईवरून कागदाची परीक्षा करणे अन्यायाचे आहे. मॅट कागदासाठी चित्राच्या गडद भागांत थोडा उजाळा आधीच भरावा लागतो, आणि पडद्यावर कागदाचा आभास दाखवणारी पूर्वदर्शनाची सोय यासाठीच असते.

मराठवाड्याच्या हवामानाने या कागदाची काळजी आणखी वाढते. एप्रिल–मेमधील चाळीस अंशांपलीकडच्या कोरड्या उष्म्यात पानांच्या कडा वळतात, यंत्राच्या नोझलमध्ये शाई सुकते, आणि वळलेली कड नोझलला घासून पान व यंत्र दोन्ही खराब करते. पावसाळ्यात तेच पान ओल धरते आणि शाई पसरू लागते. म्हणून पाकिटातून लागेल तेवढेच पान काढावे, बाकीची पाने पिशवीत हवाबंद व आडवी ठेवावीत, आणि छपाईपूर्वी मऊ ब्रशने पानावरची सुती धूळ झटकावी. ही धूळ राहिली तर ती नंतर सुटून काळ्या भागात पांढरे ठिपके सोडते. कोणत्या बाजूला थर आहे हे कळत नसेल, तर कोपऱ्याला ओलसर बोट लावावे. थराची बाजू किंचित चिकटते. छापलेले चित्र एक दिवस उघडे सुकू द्यावे, त्याच्या पृष्ठाला हात लावू नये, कारण मॅट थरावर बोटाचा ओरखडा कायम राहतो, आणि चौकटीत बसवताना काच व चित्र यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या माउंटने अंतर ठेवावे.